कलाशाळा पाहिजे, नवं बलुतं नको

वाईला दक्षिण काशी म्हणतात. म्हणोत बापडे. कृष्णेचे घाट आहेत. रास्त्यांनी १७६२ साली बांधलेला ढोल्या गणपती आहे. जवळच मेणवलीला नाना फडणविसाचा वाडा आहे, त्याच्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत. नारायणशास्त्री मराठ्यांची प्राज्ञपाठशाळा आहे, तिथं १९१७ साली विनोबा येऊन शिकून गेले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथलेच. मराठी विश्वकोशाचं कार्यालय इथं, त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला तो वाईच्या नावानं. म्हणजे देव आहे, चित्र आहे, शास्त्र आहे, कोश आहे. फक्त एक नाही. मांगवाड्यातल्या, बुद्धवाड्यातल्या, कातकऱ्याच्या झोपडीतल्या पोराला चित्र, नाटक, वाद्य, कॅमेरा रीतसर शिकवील आणि तिथून हाताला धरून विद्यापीठाच्या वर्गात नेऊन बसवील अशी सरकारी शाळा वाईत नाही. सातारा जिल्ह्यात नाही. सांगलीत नाही.

दोस्तहो, मी या पानांवर एकच मागणी मांडणार आहे. वाईला जिल्हा परिषदेचं कला हायस्कूल काढा, आठवी ते बारावी, आणि ते विद्यापीठाला जोडा. जोडा म्हणजे फोटो काढून सामंजस्य करार करू नका. जोडा म्हणजे नळ जसा टाकीला जोडतात तसं जोडा, तोटी फिरवली की पाणी आलं पाहिजे.

ही मागणी ऐकून आपल्यातलेच निम्मे हसतील. पोरांना कलेक्टर करायचं सोडून हा नाचायला लावतो म्हणतील. त्यांचं उत्तर पुढं देतो. आधी प्रस्थापितांचा हिशेब करू.

१

आपल्याकडं 'आर्ट्स' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पांढरपेशाच्या घरात आर्ट म्हणजे गॅलरी, मैफल, नाट्यशिबिर. आपल्या घरात 'पोरगं आर्ट्सला गेलं' म्हणजे वाया गेलं. दहावीला मार्क कमी पडले, सायन्सची फी झेपली नाही, क्लास लावता आला नाही, मग जा आर्ट्सला. तिथं इतिहास, समाजशास्त्र, मराठी हे विषय, म्हणजे ज्या विषयांनी बाबासाहेबांनी हा देश उलटापालटा करून दाखवला तेच विषय, पोराला नापासाची शिक्षा म्हणून मिळतात. ज्या वर्गात आपली पोरं सगळ्यात जास्त, त्या वर्गाची किंमत सगळ्यात कमी. हा योगायोग नव्हे.

आणि खरी कला? तिचाही दाखला लागतो. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला दहावीत वाढीव गुण आहेत. अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३. लोककलेलाही वाढीव गुण ठेवलेत. बघायला गेलं तर चांगलंच आहे. पण कागद नीट वाचा. लोककलेचे गुण मिळवायला संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. पोरगं बापाच्या मांडीवर हलगी शिकलं, चुलत्याच्या मागं सनई धरायला शिकलं, तर त्याला प्रमाणपत्र कोण देणार? बाप? बापाच्या सहीला कुठल्या बोर्डात किंमत आहे? चित्रकलेच्या परीक्षेला रंग लागतात, कागद लागतो, आणि सगळ्यात आधी शिकवणारा लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या शाळेला कला शिकवणारा निदेशक मिळतो, तोही अर्धवेळ, आणि पटावर शंभराच्या वर पोरं असली तरच. डोंगरातल्या शाळेचा पट शंभर कधी होतो? जावळीत, वाईच्या पश्चिमेला, धरणानं उठवलेल्या गावांच्या कडेला, शंभर पोरं आणायची कुठून? म्हणजे जिथं पोरं थोडी तिथं चित्र नाही, गाणं नाही. कायदाच तसं सांगतो.

माझा बाप हलगी वाजवायचा. मी ज्या शाळेत होतो तिथं रंगपेटी आणली नाही म्हणून मला चित्रकलेच्या तासाला वर्गाबाहेर उभं करायचे. आणि पाहुणे आले, मिरवणूक निघायची झाली, की त्याच वर्गात निरोप यायचा, "ए, तुझ्या बाला हलगी घिऊन बलीव." चित्रकलेच्या तासाला माझा हात अडाणी, मिरवणुकीला माझ्या बापाचा हात शाळेची शान. हा किस्सा माझ्या एकट्याचा नाही म्हणूनच लिहिला. तुमच्या गावात विचारा, प्रत्येक आळीला एक सापडेल. वाद्य पाहिजे, वाजवणारा उंबऱ्याबाहेर पाहिजे. सगळी व्यवस्था या एका वाक्यात आहे.

२

विद्यापीठ वर बांधायचं आणि ज्ञान आपोआप खाली झिरपेल म्हणायचं, ही थाप जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं. त्याच साली, त्याच शहरात सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली. विद्या आणि कला दोन्ही एकदम आल्या, एका गावात आल्या, आणि दोन्हींच्या दारात आमची माणसं पायरी धूत राहिली. सव्वाशे-दीडशे वर्षं झिरपायची वाट बघितली. खडकाखाली पाणी झिरपत नसतं.

हे पहिल्यांदा ओळखलं ते आपल्याच मातीतल्या माणसानं. जोतिबांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुका. सावित्रीबाई नायगावच्या, तालुका खंडाळा, वाईच्या शेजारचा. जोतिबांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं त्याचा गाभा काय होता? पैसा रयतेच्या घामाचा, आणि खर्च वरच्यांच्या उच्च शिक्षणावर. आधी खालच्या शाळा करा, बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, शिकवणारा शेतकऱ्या-कष्टकऱ्यातला आणा. एकशे चाळीस वर्षांनंतर सरकार काय करतं बघा. एका हातानं 'समूह विद्यापीठं' काढतं, दुसऱ्या हातानं 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागवतं. २०२३ च्या सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करायचं परिपत्रक निघालं. समूह शब्द एकच. वरच्या मजल्यावर समूह म्हणजे वाढवणं, तळमजल्यावर समूह म्हणजे बंद करणं.

साताऱ्याचंच घ्या. २०२१ साली रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातली तीन महाविद्यालयं मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. चांगलं झालं. कर्मवीरांच्या नावाला विद्यापीठ शोभतं. पण कर्मवीरांनी १९१९ साली काल्याला संस्था काढली आणि साताऱ्याला येऊन पहिलं काम काय केलं? वसतिगृह. सगळ्या जातींची पोरं एका चुलीवरचं जेवली पाहिजेत म्हणून १९२४ साली छत्रपती शाहू बोर्डिंग. त्यांनी खालनं सुरुवात केली, चुलीपासून. कोल्हापुरात शाहू महाराजांनीही तेच केलं, आधी वसतिगृहं, १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. ज्यांना खरोखर जोडायचं असतं ते तळातनं जोडत जातात.

त्याच साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूल आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' असं नाव लिहिलं गेलं. पोरगं घरनं आणलेल्या तरटावर बाजूला बसायचं, आणि शिपाई असला तरच पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. आज ती शाळा जिल्हा परिषदेची आहे. २०१७ पासून सरकार ७ नोव्हेंबर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतं. हार येतात, भाषणं होतात. माझा प्रश्न साधा आहे. शाळा साताऱ्यात, विद्यापीठही साताऱ्यात. एक सार्वजनिक शाळा, एक सार्वजनिक विद्यापीठ. मधे रस्ता आहे, वाट नाही. त्या शाळेतल्या पोराला त्या विद्यापीठात पोचवणारी वाट जोवर कागदावर नाही, तोवर त्या रजिस्टराच्या पानाला हार घालायचा अधिकार कुणाला?

३

आता आपल्या मित्रांचं उत्तर.

ते म्हणतात, बाबासाहेबांनी हलकी कामं सोडा सांगितलं. मेलेलं ढोर ओढू नका, वतनाच्या भाकरीवर जगू नका. हलगी, सनई, तमाशा हे त्याच गाठोड्यातलं. ते आपण टाकलं. आता कला हायस्कूल काढून पुन्हा गळ्यात अडकवायचं का?

मित्रांनो, हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. तो टाळून ही मागणी करता येणार नाही. कारण धोका खरा आहे. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी काय केलं ते ठाऊक आहे? खेड्यातल्या प्राथमिक शाळेचे तास कापून दिवसाला तीनावर आणले. उरलेला वेळ पोरानं बापाचा धंदा शिकायचा. चांभाराच्या पोरानं जोडा, न्हाव्याच्या पोरानं वस्तरा, कुंभाराच्या पोरानं चाक. पुजाऱ्याच्या पोरानं अर्थातच पोथी. पेरियार रस्त्यावर उतरले. 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाचं शिक्षण, असं त्याला नावच पडलं. १९५४ साली राजाजींना जावं लागलं, कामराज आले आणि योजना गुंडाळली. हे जुनं झालं म्हणू नका. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्रानं पीएम विश्वकर्मा योजना काढली, अठरा धंदे, आणि भाषा कुठली तर गुरु-शिष्य परंपरेची, घराण्याच्या कौशल्याची. तामिळनाडूनं सांगितलं, अर्जदाराच्या घराण्यात तो धंदा असलाच पाहिजे ही अट काढा. काढली नाही, तर तामिळनाडूनं योजना नाकारली. पेरियारच्या मुलुखाला वास लगेच येतो. आपल्याला का येत नाही?

तर मी काय मागतो ते नीट ऐका. बापाच्या कलेत पोराला घालणारी शाळा मला नको. तसली शाळा निघाली तर तिच्या दाराला पहिलं कुलूप आपणच लावू. मला पाहिजे ती शाळा अशी, जिथं हलगीवाल्याच्या पोराला शिल्प मिळेल, पियानो मिळेल, कॅमेरा मिळेल, आणि जोशी-कुलकर्ण्यांच्या पोरीला हलगी शिकावी लागेल. हात दुखेपर्यंत. प्रवेशअर्जावर 'घराण्याची कला' असा रकाना असता कामा नये. कुळ विचारलं की ती शाळा नाही, बलुतं आहे.

आणि दुसरी गोष्ट. बाबासाहेबांनी वतन नाकारलं, आवाज नाकारला नाही. आंबेडकरी जलसे आठवा. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साचा घेतला, त्यातली गण-गवळण बाजूला सारली आणि गणपतीच्या जागी चळवळ उभी केली. साचा तोच, मजकूर उलटा. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या हजारो माणसांपर्यंत महाड आणि काळाराम पोचलं ते या कवनांच्या पाठीवरनं. जे सोडायचं ते लाचारीचं ताट. ढोलकी सोडायची नाही. ढोलकी कुणाच्या दारात वाजवायची हे आपण ठरवायचं, बस्स.

नाहीतर काय होतं ते शाहिरीच्या इतिहासात लिहून ठेवलंय. आपल्याच वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशात उतरला आणि पठ्ठे बापूराव झाला. त्यानं जात सोडली, मोठी हिंमत केली, नाकारत नाही. पण त्या फडाचा प्राण होती पवळा, महाराची पोर. बापूरावांच्या नावावर ग्रंथ झाले, समारंभ झाले. पवळेच्या नावावर काय आहे? त्याच वाळव्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. शाळेत गेले ते दीड दिवस. 'फकिरा' १९५९ साली आली, आज विद्यापीठात पोरं तिच्यावर पीएच.डी. करतात. म्हणजे अण्णा भाऊंवर लिहिणारा डॉक्टर होतो, आणि अण्णा भाऊ जन्मभर विद्यापीठाच्या बाहेर. विद्यापीठ आमची कला घेतं. आम्हाला घेत नाही. ही जोडणी उलटी आहे, पाणी खालनं वर ओढलं जातंय. मला ती सुलटी करायची आहे.

४

होऊ शकतं का हे? झालेलं आहे. दोन दाखले देतो, एक परका, एक घरचा.

परका असला तरी तोही आपलाच. आपल्या पिढ्यांनी काळ्यांचं साहित्य डोक्याशी घेऊन रात्री काढल्या, १९७२ ला पँथर हे नाव घेतलं. तर त्या काळ्यांच्या वॉशिंग्टन शहरात, मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला त्याच १९६८ साली, जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातली पेगी कूपर ही काळी विद्यार्थिनी आणि माइक मलोन हा नृत्यदिग्दर्शक यांनी शहरातल्या पोरांसाठी कलेची कार्यशाळा सुरू केली. तिचंच १९७४ साली सरकारी हायस्कूल झालं. नाव ड्यूक एलिंग्टन, काळा संगीतकार, त्याच शहराचा. शहराचं शाळाखातं, ते विद्यापीठ आणि केनेडी सेंटर नावाचं मोठं नाट्यगृह, तिघांची भागीदारी पुढं त्या शाळेमागं उभी राहिली. आता खरी मेख बघा. त्या शाळेत पोरं गणित, विज्ञान, भाषा पूर्ण शिकतात, आणि वर कला शिकतात. शाळेचा दिवस लांबवलाय. राजाजींनी कलेच्या, धंद्याच्या नावानं शाळेचे तास कापले. वॉशिंग्टनच्या काळ्यांनी कलेसाठी तास वाढवले. एका कात्रीनं गुलाम होतो, दुसऱ्या मापानं माणूस. आपली मागणी कोणत्या बाजूची आहे हे यावरनं ओळखा.

घरचा दाखला नागसेनवन. औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली महाविद्यालय काढलं, तेच पुढं मिलिंद. १९५५ साली त्याच आवारात मिलिंद मल्टिपर्पज हायस्कूल. शेजारी वसतिगृह. शाळा, महाविद्यालय, खानावळ, ग्रंथालय, एका हाकेच्या अंतरात. त्या आवारात प्राध्यापक म. भि. चिटणिसांचं 'युगयात्रा' नाटक १९५५ साली पोरांनी केलं, बाबासाहेबांनी स्वतः बघितलं. घटनाकाराला आपल्या पोरांचं नाटक बघायला वेळ होता, हे कलेक्टर-कलेक्टर करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. पुढं त्याच मातीतनं गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' उगवलं. दलित साहित्य आभाळातनं पडलं नाही. १९५८ ला मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, अण्णा भाऊंनी उद्घाटन केलं, त्यामागं कामगारवस्ती होती. मराठवाड्यात जे झालं त्यामागं एका आवारात जोडलेली शाळा आणि महाविद्यालय होतं. पोरगं तिसऱ्या भाकरीची काळजी न करता कविता लिहू शकलं, एवढंच.

पण त्याच आवाराच्या शेजारी १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं, आणि त्याला बाबासाहेबांचं नाव द्यायला किती वर्षं लागली? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला. त्यानंतर गावंच्या गावं पेटवली, पोचीराम कांबळ्याला मारलं. लाँग मार्च निघाले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं. भिंत शेजारी होती, तरी सोळा वर्षं. म्हणून मी म्हणतो, शेजार म्हणजे जोडणी नव्हे. जवळ विद्यापीठ आलं म्हणून आपण आत गेलो असं होत नाही. आत जायची वाट लिहून घ्यावी लागते, लढून घ्यावी लागते.

आणि एकदा माणूस आत गेला की काय होतं? आटपाडीचे शंकरराव खरात. बाप गावकीचा महार, तराळकी करणारा. ते पोरगं त्याच मराठवाडा विद्यापीठाचं कुलगुरू झालं. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी टोकावरनं. 'तराळ-अंतराळ' हे त्यांच्या आत्मकथेचं नावच सगळं सांगतं. पण एकाच खरातांच्या नावानं आपण किती वर्षं भाषणं ठोकायची? एक माणूस भिंत चढून गेला म्हणून भिंतीला दार झालं असं नाही.

५

आता आजचा नकाशा. वाई शिवाजी विद्यापीठाच्या क्षेत्रात येते. ते १९६२ साली कोल्हापुरात निघालं, वाईपासून दीडशे किलोमीटरच्या घरात. तिथं संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे. साताऱ्याचं नवं विद्यापीठ तासाभराच्या एसटीवर. चित्र-शिल्पाची सरकारी महाविद्यालयं राज्यात बघायला गेलं तर मुंबई, नागपूर आणि संभाजीनगर. सातारा-सांगली-कोल्हापूर या पट्ट्यात सरकारी एक नाही. जे. जे. ला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मानाची गोष्ट. पण मुंबईच्या दर्जानं वाईच्या पोराचं एसटीचं तिकीट निघत नाही. त्यात कलेच्या पदवीला प्रवेशपरीक्षा. ज्यानं शाळेत कधी कागदावर पेन्सिल धरली नाही, त्यानं त्या परीक्षेला बसायचं कशाच्या जोरावर?

आणि वाईत कला चालू नाही असंही नाही. वाईत सिनेमे होतात. 'स्वदेस' झाला, 'दबंग' झाला. घाट दिसतो, मेणवली दिसते. कॅमेरा मुंबईचा, दिवे मुंबईचे, पैसा मुंबईला. आपली पोरं कुठं? गर्दीत. दिवसाच्या मजुरीवर उभं राहायचं आणि "मागं सरका" ऐकायचं. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० सालची, दोन-अडीच तासांवर. कला हायस्कूलमधनं आवाज, प्रकाश, संकलन शिकलेली वीस पोरं दर वर्षी निघाली तर त्या गर्दीतली निम्मी माणसं कॅमेऱ्याच्या मागं उभी राहतील. पोटाचा प्रश्न विचारणाऱ्यांनी हे उत्तर धरावं.

तिसरी गोष्ट विश्वकोशाची. तर्कतीर्थ अस्पृश्यतेच्या विरोधात उभे राहिले, बुद्धीनं चालले, ते आपण नाकारत नाही. पण कोश वाईत तयार झाला आणि वाईच्या वस्तीतलं पोरगं त्या दारातनं आत गेलं नाही, हेही खरंच. कला हायस्कूलच्या नववीतल्या पोरांना दर आठवड्याला त्या ग्रंथालयात बसवा. संबळ, डफ, सनई, पोतराजाचा आसूड यांच्या नोंदी त्यांना लिहू द्या, आज्याला विचारून. ज्ञान कुणाच्या तोंडून कागदावर जातं हे पोरांना पंधराव्या वर्षी कळलं पाहिजे.

कायदा आडवा येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली पदवी नसलेल्या जाणकाराला प्राध्यापक म्हणून घेता येईल अशी तरतूद केली. २०२३ साली स्थानिक कलावंतांना महाविद्यालयात निवासी कलावंत म्हणून घ्यायच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हणजे अडचण नियमाची उरलेली नाही, नियतीची आहे. कुलगुरूंच्या स्वागताला हलगीवाला बोलवता, त्याला हजेरीपटावर घ्या. तासाला पैसे द्या. खुर्ची द्या. "बस" म्हणा.

६

म्हणून मागण्या, अंगठा ठेवून म्हणता येतील अशा:

एक. शाळा जिल्हा परिषदेची. शिक्षणसम्राटाची नाही, देणगीची नाही. आठवी ते बारावी, वाईत, सोबत मुलांचं आणि मुलींचं वसतिगृह. वसतिगृहाशिवाय शाळा निघाली तर ती बाजारपेठेतल्या पोरांचीच होईल.

दोन. जोडणी विद्यापीठाच्या विद्या परिषदेत ठराव करून. विद्यापीठाचे शिक्षक शाळेच्या वेळापत्रकात, शाळेची पोरं विद्यापीठाच्या रंगमंचावर आणि ग्रंथालयात. बारावी झालेल्या पोराला पदवीच्या वर्गात ठरलेल्या जागा. कार्यक्रमापुरती भेट म्हणजे जोडणी नाही.

तीन. गणित, विज्ञान, इंग्रजी एक तासही कमी नाही. कला वरची, बदली नाही. ज्या पोराला दहावीनंतर डॉक्टर व्हायचं आहे त्याची वाट बंद होता कामा नये.

चार. प्रवेशाला कुळ, धंदा, वाद्य विचारायचं नाही. आरक्षण कायद्याप्रमाणं पूर्ण. सगळ्यांना दोन कला सक्तीच्या, त्यातली एक स्वतःच्या घरात नसलेली.

पाच. शिकवणाऱ्यांत लोककलावंत, मानधनावर नव्हे, पगारावर.

सहा. तमाशातल्या, फडावरच्या बाईच्या मुलीला पहिला प्रवेश. बापाचं नाव विचारून तिला दारातनं परत पाठवणारी शाळा आपली नाही.

या सहा ओळी ग्रामसभेत ठराव म्हणून मांडा. वाई पंचायत समितीत द्या, साताऱ्याला जिल्हा परिषदेत द्या, दोन्ही कुलगुरूंना रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. विद्यापीठाच्या अधिसभेत पदवीधरांचे प्रतिनिधी निवडून जातात, मत मागायला येतील तेव्हा या सहा ओळी पुढं धरा. होय म्हणाला तर लेखी घ्या. आपली पदवीधर पोरं नोंदणीच करत नाहीत, हा आळस आधी संपवा. यंदाच्या ७ नोव्हेंबरला प्रतापसिंह हायस्कूलच्या दारात हाराऐवजी हा कागद घेऊन उभे राहा.

कुणी म्हणेल पैसा नाही. स्वागतकमानीला असतो. कुणी म्हणेल पोरं येणार नाहीत. हलगी ऐकून पोरं धावत येतात हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच ती मिरवणुकीत वापरतात. कुणी म्हणेल आधी भाकरी. भाकरीचं आम्हाला कुणी शिकवू नये. नागसेनवनातली पोरं उपाशीपोटी आली होती, तरी त्यांनी या भाषेला नवी जीभ दिली.

वाईनं आजवर पोथी सांभाळली, देव सांभाळला, वाडा सांभाळला. आता पोरं सांभाळायची पाळी आहे. ती पाळी वाई आपणहून घेणार नाही. ती घ्यायला लावायची आहे.

जयभीम.